पाय लागल्यावर म्हणायचा शब्द

हिंगोली, १७ जानेवारी २००५

शिला, आणि पुण्याच्या कॉल सेंटरच्या त्या काचेच्या इमारतीत कानाला यंत्र लावून बसलेल्या, आपल्या मुलखातून गेलेल्या माझ्या सगळ्या बहिणींनो,

आपली एक तक्रार जुनी आहे आणि सगळ्यांची सारखी आहे. शाळेनं आपल्याला इंग्रजीत सुट्टीचा अर्ज शिकवला, रडायला शिकवलं नाही. पाचवीपासून दहावीपर्यंत दरवर्षी आपण अर्जात आजोबांना मारलं, स्वतःला ताप आणला, बहिणीचं लग्न लावलं आणि खाली 'युवर ओबीडियंट स्टुडंट' लिहून सही ठोकली. पण घरातलं माणूस खरोखर गेल्यावर इंग्रजीत काय म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याला ते मराठीत कसं ऐकू जातं, हे एकाही गुरुजींनी सांगितलं नाही.

पत्र लिहितेस की सभा घेतेस, असं तू हॉस्टेलात विचारायचीस. सभाच घेते. तू उत्तरं देणं बंद केलंस, फोनचा नंबर बदललास, तेव्हापासून माझा आवाज आणखी चढलाय. श्रोते गप्प बसले की वक्त्याचं असंच होतं. हा पत्ता तुझ्या जुन्या भेटकार्डावरचा आहे. पत्र पोचेल की नाही ठाऊक नाही, पण आज मला थांबवत नाही, कारण मला एक शोध लागलाय.

परवा माझ्या इंग्रजीच्या क्लासमध्ये मी फळ्यावर धडा लिहिला: दुःख, खेद आणि तक्रार व्यक्त करण्याचे इंग्रजी शब्द. मागच्या बाकावरच्या आकांक्षानं हात वर केला. तिचे आजोबा दिवाळीत वारले. शेजारची कॉन्व्हेंटात जाणारी मुलगी घरी येऊन तिला सॉरी म्हणाली. आकांक्षाचा प्रश्न असा: मॅडम, त्या पोरीनं काय केलं होतं माझ्या आजोबाला?

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. खडू हातात तसाच राहिला, कारण मला तुझे वडील आठवले.

पोळ्याच्या आधी तुझी आई, तुझी याडी, गेली. मी दुखवट्याला तांड्यावर गेले तेव्हा लखमाकाका लिंबाखाली बसले होते. कनेरगाव नाक्यावरच्या एसटीडीतून तुला फोन त्यांनीच लावला होता, हे मला तिथं कळलं. शिला काय म्हणाली, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सॉरी म्हणली. पाय पडला का तिचा माह्या पायावर?"

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी तू बूथवाल्याकडे फोन केलास, 'यायची गरज न्हाई' हा बापानं ठेवलेला निरोप ऐकलास आणि आली नाहीस. तेव्हापासून बाप तुझं नाव घेत नाही आणि तू तांड्याचं.

आता ऐक. आपल्याकडे सॉरी कधी म्हणतात? सायकलचं चाक पायावरून गेल्यावर. एसटीत कोपर लागल्यावर. क्लासवरून घरी आले आणि मोठा कोश उघडला. शिला, या शब्दाच्या मुळाशी माफी नाहीच. जखम आहे. अंगावर चिघळलेल्या जागेला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यातून सॉरी आलाय. 'मी सॉरी आहे' याचा जुना अर्थ मला ठणकतंय, मी दुखावलेय. तू त्यांना सांगत होतीस की मला लागलंय, आणि त्यांना ऐकू गेलं की पाय लागला.

आम्ही बौद्ध घरातली माणसं. दुःख आहे हे आम्हाला पहिलं शिकवतात, आणि दुःखाला कारण आहे हे दुसरं. मला कारण सापडलंय. एवढंसं आहे, दोन अक्षरांचं. कारण सापडल्यावर मी घरात बसेन का? या रविवारी कोश पिशवीत घालून तांड्यावर जाते.

तुझी
करुणा


हिंगोली, २४ जानेवारी २००५

शिला,

गेले, बोलले, आणि जिंकता जिंकता तोंडावर पडले. नीट सांगते.

लखमाकाका बैलांना वैरण टाकत होते. मी कोश बाजेवर उघडून ठेवला आणि उभ्यानंच भाषण केलं. शेजारच्या बायका कुडापाशी येऊन ऐकू लागल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी माफी न्हाई मागितली तिनं?" मी म्हणाले, नाही काका, तिला लागलं, असं ती सांगत होती. त्यांनी वैरणीची काडी दातात धरली. मला वाटलं, झालं काम. एका शब्दानं मोडलेलं घर एका शब्दकोशानं उभं केलं, असं वाक्यसुद्धा मनात तयार झालं होतं.

तेवढ्यात ते म्हणाले, "मंग सर काहून म्हणली?"

मला कळेना. त्यांनी सांगितलं की तुझं मधलं काही त्यांना उमगलं नाही, पण पहिला शब्द उमगला आणि शेवटचा उमगला. शेवटचा होता 'सर'. "कचेरीतल्या सायबाला म्हणतेत तसं. म्या म्हणलं तुही याडी गेली, अन् पोरगी मला सर म्हणली. मी फोन ठिवून दिला."

शिला, मी कोश मिटला.

पण वाटेत मला सगळं डोळ्यांपुढे दिसलं, आणि चुकत असेन तर तू पत्र लिहून मला खोटी पाड. तुला नुकतीच सुट्टी झाली होती, चहाची. दुपारपासून विलायतेतल्या माणसांची बंद पडलेली यंत्रं ऐकून तू बाहेर आली होतीस. मोबाईल वाजला. पलीकडून कुणी काही वाईट सांगितलं, आणि तुझ्या जिभेवर दिवसभर घोटलेलं वाक्य आपोआप सुटलं. आय ॲम सॉरी टू हियर दॅट, सर. यंत्र कानातून निघालं होतं, जिभेतून निघालं नव्हतं. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा तुला कळलं की तू कुणाला काय म्हणालीस. त्या वाक्यामुळे तू आली नाहीस. निरोप हे निमित्त होतं. खरं की नाही?

आता दुसरी बातमी, ती जास्त मोठी आहे. तांड्याचे नायक थावराकाका मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. ते घायकुतीला आलेत. तुला ठाऊकच आहे, होळीच्या आधी नायक आणि तांड्यातली माणसं दुःखाच्या दारात जाऊन बसतात, त्या घराचं दुःख सोडवतात, आणि मगच डफ वाजतो. तुझ्या वडिलांनी नायकाला आताच निरोप धाडलाय की माझ्या दारात बसायला येऊ नका. कारण विचारलं तर म्हणाले, "माह्या घरात अजून रडणंच झालं न्हाई, सोडवता काय?"

थावराकाका म्हणाले, "एका पोरीपायी साऱ्या तांड्याचा डफ खुंटीला टांगून राहिला. तुमी लई भाषणं करता बाई. एक पुण्याला जाऊन करा." तांड्यातली तरणी पोरं तर लखमाकाकांवर चिडलीत. वर्षातून एकदा होळीची गाणी, लेंगी, गायची आणि नाचायचं, तेही या म्हाताऱ्यानं अडवलं, असं त्यांचं म्हणणं.

तुला अर्थ लागला का? घरात तुझ्या काकू रडल्या, चुलत बहिणी रडल्या, आत्या तिकडून येऊन रडून गेली. तरी तो माणूस म्हणतो रडणं झालं नाही. जो नाव घेत नाही, तो तुझी वाट बघतोय, आणि त्यासाठी त्यानं सबंध तांडा ओलीस धरलाय. मी तर वाटेवर मोठ्यानं हसले. असला हट्ट मी सभा-संमेलनांतही पाहिला नाही.

करुणा


हिंगोली, १४ फेब्रुवारी २००५

शिला,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी चप्पल न घालता धावले. पत्र कसलं, दोन ओळी. 'येणं जमत नाही, याचा खेद आहे. माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही.'

माझ्या आईनं विचारलं, काय म्हणते शिला? मी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "ही शिला न्हाई, ही बँक बोलली."

माझा अंदाज चुकला, असं मात्र तू लिहिलं नाहीस. संधी असूनही मला खोटी पाडली नाहीस. तेवढं मी बरोबर वाचलं.

आता तुझ्या दोन शब्दांचा हिशेब करते. तू मला चिडवलंस ते बरं झालं, मी कोशाची पुढची पानं उघडली.

पहिला तुझा खेद. इंग्रजीतला 'रिग्रेट'. आपण हा शब्द कुठं पाहिला? नोकरीला नाही म्हणणाऱ्या कागदांवर. इस्त्रीचा शब्द, त्याला घाम नाही. पण याचा जुना अर्थ काय आहे माहीत आहे? मेलेल्या माणसासाठी गळा काढून रडणं. दुसरी तुझी तक्रार, 'कंप्लेंट'. तिच्या पोटातला मूळ लॅटिन शब्द म्हणजे छाती पिटणं. ऐकतेस ना? एक ठणकणारी जखम, एक मेलेल्यासाठी काढलेला गळा, एक बडवलेली छाती. हे तिन्ही शब्द मुळात मातीच्या दारातून निघालेले आहेत. त्यांना टाय बांधून खुर्चीवर बसवलं नंतरच्यांनी, आणि आपल्यापर्यंत पोचेतो त्यांच्या अंगावर शर्टाची बटणं तेवढी उरली.

हे वाचताना मला तुझी याडी, धुरपताकाकू, आठवल्या. हॉस्टेलातलं आपलं पहिलं वर्ष. काकू तुला भेटायला आल्या, घागऱ्याच्या आरशांवर ऊन पडलेलं. फाटकातच त्यांनी तुझ्या गळ्यात हात टाकले आणि सुरात रडायला सुरुवात केली. वॉर्डनबाई पळत आल्या, कोण गेलं म्हणून. कुणी गेलं नव्हतं. आई लेकीला भेटत होती. तू लाजेनं मेलीस, मला म्हणालीस, आमच्यात असंच असतं, लक्ष नको देऊ. पण मी लक्ष दिलं होतं. रात्री तुझ्याकडून एकेक ओळीचा अर्थ काढून घेतला. तू वाळलीस, तुझी भाकरी कोण खातं. मला विसरलीस, वाट बघून माझे डोळे गेले. मीच तुला पाठवली, माझीच मेलीची चूक. दुःख, खेद आणि तक्रार, माझ्या फळ्यावरचे तिन्ही रकाने, त्या बाईनं एका दमात, एका सुरात गायले होते. सासरी निघालेल्या नवरीचं रडगाणं, ढावलो, तर तू स्वतःच मला म्हणून दाखवलं होतंस. त्यात पोर बापाला काय काय ऐकवते.

आणि तू लिहितेस, तक्रार नाही. मग राहिलं काय? ज्याच्यावर हक्क असतो त्याच्याकडेच माणूस तक्रार घेऊन जातं. अनोळखी माणसाला आपण सॉरी म्हणतो, आपल्या माणसाला म्हणतो की इतके दिवस कुठं मेला होतास. तुझा बाप तुझ्या माफीसाठी अडून बसलेला नाही. तो तक्रारीसाठी अडून बसलाय. फोन का ठेवलास, मला का नाही बोलावलंस, याडीला दवाखान्यात न्यायचं मला आधी का नाही कळवलंस. एवढं विचारायचा तुझा हक्क आहे, आणि तू तो दोन ओळींत सोडून देतेस.

माझी मात्र तुझ्याबद्दल तक्रार आहे. भरपूर आहे. म्हणूनच हे पत्र चार पानी झालं.

करुणा


हिंगोली, ९ मार्च २००५

शिला,

काल महिला दिनाच्या सभेत मी बोलले की तक्रार हा मायेचा शब्द आहे. मागून एकानं टोमणा मारला, मग आमच्या घरी मायेचा पूर आहे. सभा हसली, मीही हसले, आणि भाषण त्याच धारेवर पुढं नेलं. पण आज लिहायचं आहे ते निराळंच.

काल सकाळी क्लास चालू असताना दारात लखमाकाका उभे. बाजाराला आलो होतो म्हणाले. हातात पिशवी नव्हती. मी खुर्ची दिली, ते बाकावर जाऊन बसले, आकांक्षाच्या शेजारी. डोक्याचा फटका सोडला, पुन्हा बांधला. मग सगळ्या वर्गादेखत विचारलं, "माही पोरगी तिथं दिवसभर करती तरी काय?"

मी सांगितलं. परदेशातल्या लोकांची यंत्रं बिघडतात, ते फोन करून तक्रार सांगतात, शिला ऐकते आणि त्यांची समजूत घालते. काका म्हणाले, आमच्या तांड्याला कंप्लेंट ठाऊक आहे ती पोलिसातली, गावानं आमच्या नावानं करायची. आम्ही कधी कुणाची केली नाही. मग म्हणाले, "रोज लोकाच्या कंप्लेंटी ऐकती. माही एक ऐकली न्हाई."

मला काय सुचलं कुणास ठाऊक. संवादाचा सराव आम्ही रोज घेतोच. मी म्हणाले, काका, इथं सांगा. ही आकांक्षा म्हणजे शिला. हिला फोन लावा. पोरी खुदखुदल्या. काकांनीही गंमत समजून मूठ कानाला लावली. आकांक्षा ताठ बसली, घोकलेल्या सुरात म्हणाली, "बोला सर, आपली तक्रार काय आहे?"

काका म्हणाले, "माही बायको गेली. अन् पोरगी घरी येत न्हाई."

आकांक्षाला पुढचं वाक्य पाठ होतं, धड्यातलंच होतं. पण ते तिच्या तोंडून निघता निघेना. शेवटी कसंबसं म्हणाली, "आय ॲम सॉरी टू हियर दॅट, सर," आणि बाकावर डोकं टेकून रडायला लागली. तिला आजोबा आठवले असतील, की या म्हाताऱ्याचा चेहरा बघवला नसेल, मी विचारलं नाही.

काकांची मूठ कानाला तशीच होती. ते तिच्याकडे बघत राहिले. मग मूठ खाली घेतली आणि मला म्हणाले, "हिनं बी तेच म्हणलं. सर बी म्हणली."

मी म्हणाले, हो काका.

"फोनात डोळे दिसत न्हाईत," ते म्हणाले.

एवढंच. आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवला, पोरीला पाणी द्या म्हणाले. आईनं आतून चहा आणला, तो बशीत ओतून प्याले आणि बाजार न करताच वाशिमच्या गाडीनं परत गेले.

शिला, मी आजवर किती सभा जिंकल्या असतील. अशी एकही नाही. आणि वर्गात तर मी भाषणच केलं नाही.

करुणा


हिंगोली, १४ मार्च २००५

शिला,

हे शेवटचं, आणि लहान. आई डोक्यावर उभी आहे. म्हणते, "तुहं भाषण बस झालं, पोरीला गाडीचा टायम लिही."

आधी बातमी. काल थावराकाका आले होते. लखमाकाकांनी निरोप बदललाय. होळीच्या शुक्रवारी संध्याकाळी माझ्या दारात बसायला या, म्हणालेत. नायकानं विचारलं, रडणं झालं का मग? उत्तर आलं, "व्हईल." आणि शुक्रवारी दुपारी स्वतः कनेरगाव नाक्यावर जाणार आहेत, होळीच्या गाठी आणायला. थावराकाका हसून म्हणाले, आजवर या माणसानं गाठी आणलेल्या मी पाहिल्या नाहीत, धुरपताच आणायची. तांड्यातली पोरं डफ उन्हात ठेवून तापवायला लागलीत. कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही, आणि सगळ्यांना सगळं माहीत आहे.

शिला, विचार कर. शुक्रवारी तू आली नाहीस, तर तो माणूस भर बाजारात, हातात गाठी घेऊन, शेवटच्या गाडीपर्यंत उभा राहील. मग परत जाऊन नायकाला सांगेल की येऊ नका. पुन्हा तो निरोप बदलायचा नाही. तू त्याचीच पोर आहेस, हट्ट किती टिकतो हे तुला मी सांगायला नको.

पंचवीस तारीख आहे. त्या दिवशी तुझ्या विलायतेतल्या गिऱ्हाइकांनाही सुट्टी असते, गुड फ्रायडे. त्यांच्याही शोकाचा दिवस आणि त्याला ते गुड म्हणतात. त्यांच्या शब्दांवर मी आता रागावत नाही. त्यांनाही कधीतरी गळा काढून रडता येत होतं, हे मी कोशात वाचलंय.

सुट्टीचा अर्ज लिही. इंग्रजीतच लिही. फक्त या वेळी ताप आणू नकोस, आजोबांना मारू नकोस. खरं कारण लिही: आई गेली, तिच्यासाठी रडायचं राहिलंय. बघ, शाळेनं न शिकवलेलं एक वाक्य तुझ्या हातून लिहून होईल.

गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून हिंगोलीची गाडी धर. सकाळी स्टँडवर मी आहे, आईची भाकरी घेऊन. तिथून वाशिमची गाडी. मी सोबत येणार नाही. नाक्यावर गाडी थांबली की खिडकीतून तुला बापाच्या डोक्यावरचा फटका दिसेल. सॉरी म्हणू नकोस. त्याचं मूळ समजावत बसू नकोस, ते मी करून बसलेय. गळ्यात पड, 'बा' म्हण, आणि फोन का ठेवलास ते भर रस्त्यावर, याडीच्या सुरात, त्याला विचार. लोक बघतील. बघू देत.

बाकी सगळं राहू दे. शुक्रवारी कनेरगाव नाक्यावर उतर.

करुणा